सेलममधले चेटकिणींचे खटले थांबले कसे?

कोपरीची_आई

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे. इतिहासाच्या बाईंनी प्रत्येकाला जगातला एक गाजलेला खटला घेऊन वर्गासमोर सात मिनिटं बोलायला सांगितलंय. हिने अमेरिकेतल्या सेलमचे चेटकिणींचे खटले घेतले. दोन रविवार आम्ही दोघी मराठी ग्रंथसंग्रहालयात बसलो, उरलेलं घरी मोबाइलवर वाचलं.

सुरुवात कशी झाली ते तिला तोंडपाठ झालंय. १६९२चा जानेवारी, प्युरिटन या कडक ख्रिस्ती पंथाच्या इंग्रजांची मॅसॅच्युसेट्समधली वसाहत, सेलम व्हिलेजचे पाद्री सॅम्युअल पॅरिस यांचं घर. त्यांची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि अकरा वर्षांची पुतणी ॲबिगेल यांना झटके यायला लागले. फेब्रुवारी संपता संपता तीन बायकांवर वॉरंट निघालं: दारोदार मागून जगणारी सेरा गुड, आजारी सेरा ऑसबर्न, आणि पाद्र्याच्या घरातली गुलाम टिटुबा. सप्टेंबरपर्यंत १९ जण फासावर गेले, चौदा बायका आणि पाच पुरुष. ऐंशीच्या घरातल्या जाइल्स कोरीने खटला चालवून घ्यायलाच नकार दिला, तर अंगावर दगड रचत रचत त्याला मारलं. सेरा गुडची चार-पाच वर्षांची पोरगी डोरोथी, तिलासुद्धा बेड्या घालून तुरुंगात ठेवली होती. हे वाचलं त्या रात्री लेक उशी घेऊन माझ्याजवळ झोपायला आली.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते तेव्हा तिने विचारलं, "आई, मग थांबलं कसं? चेटकीण नसते हे त्यांना कळलं का?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण मी वाचलं तेवढ्यावरून तरी तसं काही दिसत नाही. १६९३मध्येही तीच माणसं, तेच चर्च, सैतानावरचा विश्वास तसाच. तरी त्यानंतर तिथे कोणाला फाशी झाली नाही. सगळीकडे "गव्हर्नरने न्यायालय बरखास्त केलं" असं एक वाक्य येतं आणि पान संपतं. त्याने बरखास्त का केलं? कोणी नीट समजावून सांगेल का? तिला सांगता येईल असं.

वाशी_सेक्टर_१७

ताई, माझ्या मते विज्ञानामुळे. न्यूटनने गतीचे नियम १६८७मध्ये छापले, म्हणजे सेलमच्या पाचच वर्षं आधी. युरोपात विचार बदलत होता, तो बोटीने तिकडे पोचला. शिवाय गव्हर्नर विल्यम फिप्स यांच्या बायकोचंही नाव घेतलं जायला लागलं होतं. घरापर्यंत आलं तेव्हा त्यांना जाग आली. मुलीला हे दोन मुद्दे पुरेसे आहेत.

शिरस्तेदार_पाचपाखाडी

कोपरीच्या ताई, तुमच्या लेकीने विचारलेला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मी छत्तीस वर्षं कोर्टात काढली, कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. म्हणून जरा लांब लिहितो.

आधी विज्ञानाबद्दल. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीचे सदस्य जोसेफ ग्लॅनविल यांनी चेटकिणी खऱ्या असतात हे सिद्ध करायला ग्रंथ लिहिला होता. सेलमच्या खटल्यांची बाजू छापून मांडणारे बॉस्टनचे पाद्री कॉटन मॅदर पुढे त्याच सोसायटीचे सदस्य झाले, आणि १७२१च्या देवीच्या साथीत लोकांना देवी टोचून घ्या म्हणून सांगणारा माणूस तोच. लोकांनी शिव्या दिल्या तरी मागे हटला नाही. एकाच डोक्यात दोन्ही गोष्टी सुखाने राहत होत्या. तेव्हा विज्ञान आलं आणि चेटूक गेलं असं वर्गात सांगू नये असं मला वाटतं.

माझं म्हणणं असं की खटले थांबले ते पुराव्यापाशी.

सेलममध्ये फाशी कशावर झाली बघा. मुलगी कोर्टात उभी राहून सांगायची, "या बाईची आकृती रात्री माझ्या छातीवर बसली, मला चिमटे काढले." ती आकृती दुसऱ्या कोणाला दिसायची नाही. त्याला आपण छायेचा पुरावा म्हणू. आता आरोपीने बचाव करायचा कसा? मी त्या रात्री घरी होते, नवरा शेजारी होता, असं सांगितलं तरी उपयोग नाही, कारण शरीर घरीच होतं, छाया आली होती. वकीलही मिळत नव्हता. सेरा गुडच्या खटल्यात एक मुलगी किंचाळली की छायेने मला सुरी मारली, आणि सुरीच्या पात्याचा तुकडाही काढून दाखवला. तेवढ्यात एक तरुण उठला. त्याने मूठ आणि पात्याचा उरलेला भाग पुढे केला आणि सांगितलं, ही माझी सुरी, काल मोडली म्हणून मी टाकून दिली, ही मुलगी तिथेच उभी होती. दोन तुकडे जुळले. न्यायाधीशांनी मुलीला खोटं बोलू नकोस एवढी समज दिली आणि तिचीच साक्ष पुढे चालू ठेवली. हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला आणि थोडा वेळ गच्चीत जाऊन उभा राहिलो.

आता माझा अनुभव सांगतो. नोकरीची पहिली वर्षं होती, ऐंशीच्या दशकातली. आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात होतो. एका पाड्यावर तापाने मूल गेलं. भगताने सुपात तांदूळ टाकून पाहिलं आणि एका विधवेचं नाव घेतलं: ही भुताळी. चौघांनी तिला मारलं, हात मोडला. मारहाणीची केस उभी राहिली. आरोपींपैकी एक, मेलेल्या मुलाचा बाप, साक्षीच्या वेळी रडत होता, आणि तो खोटं रडत नव्हता. म्हणाला, "साहेब, मी तिला रात्री कौलावर बसलेली बघितली." मॅजिस्ट्रेट वयाने लहान होते, नुकतेच आले होते. भुताळी असते की नसते यावर त्यांनी एक शब्द काढला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्याशिवाय कोणी बघितली? कौल फुटलं का? दिवा होता का?" आणि मला म्हणाले, लिहून घ्या. मी लिहीत गेलो. नाही, नाही, नाही. तीन ओळींत ती भुताळी कागदावरून नाहीशी झाली आणि मोडलेला हात तेवढा राहिला, त्याचा सरकारी दवाखान्याचा दाखला होता.

सेलममध्ये हेच झालं, फार उशिरा. ३ ऑक्टोबर १६९२ला इन्क्रीज मॅदर यांनी, म्हणजे कॉटन मॅदर यांच्या वडिलांनी, पाद्र्यांच्या सभेपुढे आपला लेख ठेवला. चेटकिणी नसतात असं ते कुठेही म्हणत नाहीत. त्यांचा मुद्दा असा होता की सैतान निरपराध माणसाचंही रूप घेऊ शकतो, मग छाया दिसली यावरून ते माणूस दोषी कसं ठरतं? एका निरपराध माणसाला शिक्षा होण्यापेक्षा संशयित दहा चेटकिणी सुटलेल्या बऱ्या, असं त्यांनी लिहिलं. म्हणजे सैतानावरच्या विश्वासातूनच त्यांनी पुराव्याची हवा काढली. पाच दिवसांनी थॉमस ब्रॅटल या व्यापारी गणितज्ञाने खटल्यांवर टीका करणारं पत्र लिहिलं. १२ तारखेला फिप्सने लंडनला पत्र पाठवलं आणि नव्या अटका थांबवल्या, २९ ऑक्टोबरला या खटल्यांसाठी नेमलेलं खास न्यायालय मोडलं.

ताई, लेकीने पुढचं जरूर सांगावं, कारण पुस्तकांत ते दोन ओळींत उरकतात. जानेवारी १६९३मध्ये नवं वरिष्ठ न्यायालय बसलं. मुख्य न्यायाधीश तेच, विल्यम स्टॉटन. आरोप तेच, आरोपी त्याच तुरुंगातून आणलेले. बदललं एवढंच की छायेचा पुरावा धरायचा नाही. बहुतेकांवर खटलाच उभा राहिला नाही किंवा ते निर्दोष सुटले. दोषी ठरल्या फक्त तिघी, आणि त्या तिघींनी आधी कबुली दिलेली होती. स्टॉटनने त्या तिघींच्या आणि आधीच्या पाच जणांच्या फाशीच्या हुकमावर सही केली, फिप्सने ती फाशी थांबवली, तेव्हा स्टॉटन संतापून न्यायासनावरून उठून गेला. माणूस तसाच राहिला. शेवटपर्यंत त्याने माफी मागितली नाही. पण हातातलं हत्यार गेलं होतं.

ऐरोली_रात्रपाळी

काका, तुमचं लिखाण वाचताना अंगावर काटा आला, पण एका ठिकाणी मी अडलो. छायेच्या पुराव्यावर भरवसा ठेवू नका, हे पाद्र्यांनी १५ जूनलाच लिहून दिलं होतं. त्या वेळी फक्त ब्रिजेट बिशपला फाशी झाली होती. उरलेले अठरा जण त्या सल्ल्यानंतर गेले! नियम जूनमध्ये माहीत होता, तर तो ऑक्टोबरमध्येच का लागू झाला?

माझं उत्तर असं की मधल्या काळात बोटं वर चढत गेली. मार्चमध्ये भिकारीण आणि गुलाम. उन्हाळ्यात कॅप्टन जॉन ऑल्डन आणि श्रीमंत व्यापारी फिलिप इंग्लिश. हे दोघं कैदेतून पळून गेले, गरिबाला तेही जमत नव्हतं. न्यायाधीश कॉर्विन यांच्या सासूबाईंचं नाव घेतलं गेलं, वॉरंट मात्र निघालं नाही, आणि ब्रॅटलने पत्रात नेमकं हेच विचारलं. बेव्हर्लीचे पाद्री जॉन हेल आधी खटल्यांच्या बाजूने होते. त्यांच्या बायकोचं नाव आल्यावर त्यांचं मत बदललं. वाशीकर दादांनी लिहिलेली गव्हर्नरच्या बायकोची गोष्ट त्यातलीच. अँडोव्हरमध्ये तर असं सांगतात की बॉस्टनच्या एका गृहस्थावर आरोप झाला, त्याने आरोप करणाऱ्यांवर हजार पौंडांचा अब्रुनुकसानीचा दावा लावायची तयारी केली, आणि तिथले आरोप एकदम थंडावले. बोलण्याची किंमत मोजावी लागेल म्हटल्यावर तोंडं मिटली.

दुसरं, सरकारच नव्हतं. १६८४मध्ये वसाहतीची सनद रद्द झाली, १६८९मध्ये लोकांनी गव्हर्नर अँड्रॉसला पकडून कैदेत टाकलं. फिप्स नवी सनद घेऊन उतरला १४ मे १६९२ला, तेव्हा तुरुंग आधीच भरलेले होते. उत्तरेला मेनमध्ये फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या आदिवासी टोळ्यांशी लढाई चालू होती, जानेवारीतच यॉर्क गावावर हल्ला झाला होता. फिप्सने घाईने खास न्यायालय नेमलं, स्टॉटनच्या हाती दिलं आणि स्वतः सरहद्दीवर किल्ला बांधायला गेला. नोव्हेंबरमध्ये विधानसभेने रीतसर न्यायालयं स्थापन केल्यावर गाडी रुळावर आली.

आणि कनेक्टिकट बघा. ती शेजारची वसाहतही प्युरिटनच. तिथे १६४७पासून फाशी होत होती. १६६९मध्ये कॅथरीन हॅरिसनला ज्युरीने दोषी ठरवलं, पण न्यायाधीश बिचकले आणि पाद्र्यांचं मत मागवलं. उत्तर आलं की एकाच कृत्याला एकापेक्षा जास्त साक्षीदार हवेत. एकीने सोमवारी पाहिलं आणि दुसरीने गुरुवारी, ते धरायचं नाही. तिचा जीव वाचला, गाव मात्र सोडावं लागलं. यात तुमचा मुद्दा खरा ठरतो हे मान्य. पण तिथे वरच्या लोकांना तो नियम लावायची इच्छा होती.

शिरस्तेदार_पाचपाखाडी

ऐरोलीकर, तुमची १५ जूनची अडचण रास्त आहे. काल रात्री त्यावर बराच विचार केला. त्या जूनच्या पत्रात एकीकडे सावध राहा असं आहे आणि शेवटी खटले जोमाने चालवा असंही आहे. स्टॉटनने सोयीचं तेवढं वाचलं. नियम कागदावर असून भागत नाही, तो लावणारा लागतो, हे मी नोकरीत रोज पाहिलंय, तेव्हा तुमचं मान्य करतो.

पण सगळं श्रेय वरच्या लोकांच्या भीतीला देऊ नका. खालची माणसं आधीपासून बोलत होती. ७१ वर्षांच्या रिबेका नर्ससाठी ३९ शेजाऱ्यांनी अर्जावर सह्या केल्या, तेही सही करणाऱ्यावरच संशय येऊ शकत होता तेव्हा. ज्युरीने तिला आधी निर्दोष म्हटलं होतं. स्टॉटनने पुन्हा विचार करायला पाठवलं आणि निकाल फिरला. तिची बहीण मेरी ईस्टी. २२ सप्टेंबरला तिला फाशी झाली. त्याआधी तिने कोर्टाला अर्ज लिहिला, त्यात स्वतःचा जीव मागितला नाही. मला मरावंच लागणार हे मला माहीत आहे, पण आणखी निरपराध रक्त सांडू नये म्हणून या साक्षीदार मुलींना वेगवेगळं ठेवून तपासा, कबुली देणाऱ्यांनाही तपासा, असं तिने सुचवलं. साक्षीदारांना वेगवेगळं ठेवा! शेतकऱ्याच्या घरातली बाई, पायाशी मरण, आणि तपासाची रीत सांगते आहे. मी हजारो अर्ज हाताळले, असा एकही नाही.

कोपरीची_आई

काका, दादा, दोघांचेही खूप आभार. मी मोठ्याने वाचून दाखवलं. मेरी ईस्टीचा अर्ज तिने वहीत उतरवून घेतला. तिची एक शंका: कबुली दिलेल्यांना फाशी का झाली नाही, आणि नाही म्हणणाऱ्यांना का झाली? आणि ती लहान डोरोथी सुटली का?

शिरस्तेदार_पाचपाखाडी

ताई, कबुली देणारा पुढची नावं सांगतो, म्हणून त्याला जिवंत ठेवत. पन्नासच्या आसपास लोकांनी कबुली दिली. जे खोटी कबुली द्यायला तयार झाले नाहीत तेच मेले, कारण प्युरिटन माणसाला खोटी शपथ म्हणजे आत्मा गमावणं. त्यांच्या श्रद्धेची ही बाजूही तिने सांगावी.

डोरोथी डिसेंबरात ५० पौंडांच्या जामिनावर सुटली. आईला १९ जुलैला फाशी झाली होती, तान्ही बहीण तुरुंगातच गेली होती. आणखी एक, सुटका म्हणजे घरी जाणं नव्हे. तुरुंगातल्या जेवणाचे, बेड्यांचे पैसे कैद्यानेच भरायचे. लिडिया डस्टिन निर्दोष सुटली, पण पैसे भरायला कोणी नव्हतं, ती मार्च १६९३मध्ये आतच मेली. टिटुबा तेरा महिने आत होती, शेवटी कोणीतरी पैसे भरून तिला विकत नेलं. जामीनदार मिळाला नाही म्हणून आत राहिलेली माणसं मी कोर्टाच्या रोजच्या यादीत वर्षानुवर्षं पाहिली आहेत, त्यामुळे या दोघींवर माझं मन अडकतं.

नंतरचं थोडक्यात. १४ जानेवारी १६९७ला उपवासाचा दिवस पाळला. त्या दिवशी न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल चर्चमध्ये उभे राहिले आणि त्यांचा माफीनामा सगळ्यांसमोर वाचला गेला. बारा ज्युरींनीही लेखी माफी मागितली. १७०६मध्ये आरोप करणाऱ्या ॲन पुटनमने. १७११मध्ये २२ जणांवरचा कलंक पुसला आणि भरपाई मंजूर झाली. इंग्लंडने १७३५च्या कायद्याने चेटूक हा गुन्हाच काढून टाकला. उलट मला चेटूक येतं असं भासवून लोकांना फसवणं हा गुन्हा केला. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१३ला डॉ. दाभोलकरांचा खून झाला, काही दिवसांत जादूटोण्याविरुद्ध वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत अमुक माणूस करणी करतो, मंत्राने गुराचं दूध आटवतो असं जाहीर करणं हाच गुन्हा आहे. माझ्या त्या पाड्यावरच्या केसच्या वेळी हा कायदा असता तर त्या भगतालाही आरोपी करता आलं असतं. तेव्हा तो कोर्टाच्या आवारात बाकावर बसून विडी ओढत होता.

आणि जानेवारी १६९३च्या त्या तिघींपैकी एक, एलिझाबेथ जॉन्सन, वय २२. तिचं नाव सगळ्या माफीनाम्यांतून राहून गेलं. तिच्यावरचा कलंक २०२२मध्ये पुसला गेला, आणि त्यासाठी मागे लागली ती नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेतली आठवीची मुलं.

कोपरीची_आई

आठवीची मुलं हे वाचून ती खुर्चीतून उठून उभीच राहिली. आता भाषण झटक्यांपासून सुरू करणार नाही म्हणते, जानेवारी १६९३पासून करणार. सुरीचे दोन तुकडे ती पुठ्ठ्याचे करून नेणार आहे. शुक्रवारी आहे, कसं झालं ते लिहीन.

काका, तिने विचारलंय, पाड्यावरच्या त्या बाईचं नाव काय होतं? आणि तिचं पुढे काय झालं?

शिरस्तेदार_पाचपाखाडी

बाळा, केस तडजोडीत मिटली. दोघांना दंड झाला. ती पाड्यावर परत गेली नाही, भावासोबत भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला गेली. हात वाकडाच राहिला.

नाव मला आठवतं, पण इथे लिहीत नाही. तिच्या भावाची मुलं आता त्या पाड्यावर राहतात, आणि मागच्या पावसाळ्यात मी त्या बाजूला गेलो होतो तेव्हा चहाच्या टपरीवर एकाने त्यांचं घर दाखवून मला हळूच सांगितलं, तिकडे जाऊ नका.